२०० रुपयांचा मुद्रांक आणि साडेबासष्ट टक्के घर

२२.९ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१), एकटीच्या किंवा सामाईक नावावर घर वा जमीन असल्याचं सांगणाऱ्या महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचं हे प्रमाण. देशाचं प्रमाण ४३.३ टक्के आहे. ज्या राज्याने १९९४ मध्येच, म्हणजे केंद्राच्या ११ वर्षं आधी, मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, ते राज्य इथे देशाच्या जवळपास निम्म्यावर आहे.

हे गावपातळीवर कसं दिसतं, त्यासाठी पुणे जिल्ह्यातले शिरूर आणि दौंड तालुके घेऊ. या दोन्ही तालुक्यांत मिळून २०११ च्या जनगणनेत ७ लाख ६५ हजारांच्या घरात लोकवस्ती होती. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे इथे आता गावठाणातलं जुनं घर, शेतातली वस्ती आणि कर्जावर घेतलेला फ्लॅट अशी तिन्ही तऱ्हांची घरं आहेत. ‘बायकोचं नाव लावायचंय’ हे वाक्य तिन्ही ठिकाणी सारखंच असलं, तरी त्यासाठी लागणारा कागद वेगळा असतो.

गावातल्या माणसाला पहिल्यांदा आठवतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. २० नोव्हेंबर २००३ च्या शासन निर्णयाने ग्रामीण भागातल्या घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करायला सांगितलं. ‘घर दोघांचे’ या नावाने ते अभियान ओळखलं जातं. निर्णय चांगलाच आहे. पण नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. तिच्यात नाव आलं म्हणून मालकी आली असं होत नाही, आणि वाद कोर्टात गेला की हा फरक बाईला महागात पडतो.

मालकी खऱ्या अर्थाने द्यायची तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करावं लागतं. देणाऱ्याची सही, किमान दोन साक्षीदार, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी, आणि देणारा हयात असतानाच घेणारीची स्वीकृती. राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली, तर महाराष्ट्रात २०१५ पासून मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. नोंदणी फीही २०० रुपये. त्यावर जिल्हा परिषदेचा किंवा नगरपरिषदेचा १ टक्का अधिभार लागतो. ३० लाखांच्या घराचा अविभक्त अर्धा हिस्सा पत्नीला दिला, तर १५ लाखांवर १५ हजार. वकिलाची फी सोडली तर एकूण १५ हजार ४०० रुपये. दुकानाचा गाळा असेल तर ही सवलत नाही.

या पैशांत काय मिळतं, ते मांडून बघू. घर नवऱ्याने स्वतः कमावलेलं, त्याच्या एकट्याच्या नावावर, आणि मृत्युपत्र न करता तो गेला. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि आई. हिंदू वारसा कायद्याने चौघांना सारखा वाटा. म्हणजे ज्या घरात ती पंचवीस वर्षं राबली, त्यात तिचे २५ टक्के, साडेसात लाख. आता अर्धा हिस्सा आधीच तिच्या नावावर होता असं धरा. तिचे स्वतःचे १५ लाख, शिवाय उरलेल्या अर्ध्यातला चौथा भाग ३ लाख ७५ हजार. एकूण १८ लाख ७५ हजार, ६२.५ टक्के. सासूचा वाटा मात्र २५ वरून साडेबारावर येतो. तीही बाईच आहे, तेव्हा हा हिशेब तिच्याही समोर बसून करावा. नवऱ्याने मृत्युपत्र करून सगळं दुसऱ्याला लिहून दिलं तर पहिल्या उदाहरणात पत्नीचा मालकीचा वाटा शून्य होऊ शकतो. दुसऱ्या उदाहरणात तिच्या अर्ध्याला कोणी हात लावू शकत नाही.

नामनिर्देशन म्हणजे वारसा नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. सोसायटीच्या कागदावर नॉमिनी म्हणून नाव आहे एवढ्यावर अनेक जणी निश्चिंत असतात. नॉमिनीच्या नावे सोसायटी फ्लॅट चढवते खरी, पण मालकी शेवटी वारसांकडेच जाते.

सगळ्यात जास्त अडतं ते गावठाणातल्या आणि वडिलोपार्जित मिळकतीत. उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव असतं. वारसनोंद नाही, भावाभावांत वाटप नाही. एकत्र कुटुंबातला न वाटलेला हिस्सा इतर सहहिस्सेदारांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही, म्हणून आधी वारसनोंद, मग वाटप, मग बक्षीसपत्र, असा लांबचा रस्ता आहे. कर्ज असेल तर बँकेची ना हरकत लागते.

शेतजमिनीसाठी महाराष्ट्राकडे याहून जुनी वाट आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८९ च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली: घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरच्या शेतकऱ्यांनी ती सर्वांत आधी करून दाखवली. १५ सप्टेंबर १९९२ रोजी सरकारने परिपत्रक काढून, नवऱ्याच्या अर्जावरून सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची मुभा दिली. फेरफाराची १५ दिवसांची नोटीस निघते, हरकत नसेल तर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. अर्ज मात्र नवऱ्यानेच करायचा असतो. तिची इच्छा त्यात पुरेशी नाही, आणि या योजनेतली मला सर्वांत बोचणारी गोष्ट हीच आहे.

नव्या खरेदीत एक उलटा पेच आहे. १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ३० लाखांवर ३० हजार. पण खरेदी फक्त स्त्रीच्या नावे असेल तरच. नवरा-बायको दोघांच्या नावे घेतलं की सवलत गेली. ‘घर दोघांचे’ म्हणणाऱ्या सरकारने ही अट काढली पाहिजे. प्रधानमंत्री आवास योजनेत घर स्त्रीच्या किंवा दोघांच्या नावे मंजूर करण्याचा नियम आहे, आणि केंद्राच्या आकड्यांनुसार ग्रामीण भागात मंजूर झालेल्या घरांपैकी ७० टक्क्यांहून अधिक घरांवर आज स्त्रीचं नाव आहे. नियम केला तर आकडा बदलतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उभं राहिलं, ते विधवा आणि निराधार बायकांना छप्पर हवं म्हणून. त्या छपराच्या कागदावर नाव येण्याची एक वाटही याच परिसरातून निघाली: शेजारच्या पुरंदर तालुक्यात सोनोरीला ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि २०२० मध्ये काही राज्यांत सुरू झालेली ‘स्वामित्व’ योजना २०२१ मध्ये देशभर गेली. त्या मोजणीतून घराची मिळकत पत्रिका तयार होते. चौकशीसाठी अधिकारी गावात येतात तेव्हा ग्रामपंचायतीची नोंदवही समोर असते. शिरूर-दौंडमध्ये ज्यांच्या घराची पत्रिका अजून व्हायची आहे, त्यांनी त्याआधी नमुना ८ वर दोघांची नावं आहेत का, ते पाहून घ्यावं. ज्यांची पत्रिका एकट्याच्या नावाने झाली आहे, त्यांना बक्षीसपत्र आहेच.