संदर्भबिंदू आणि अर्थ : मोटारीची मापके व सायलेन्सर

वेगवान मोटारीचे इंजिन अधिक बलवान करताना हौशी मालक दोन वस्तू बहुधा बाहेरून विकत घेतो : चालकासमोर बसवावयाची मापके आणि धूर बाहेर टाकणाऱ्या नळीवरील सायलेन्सर. त्यांच्या निवडीत यंत्राइतकाच अर्थाचाही प्रश्न गुंतलेला असतो. ‘येथे’, ‘उद्या’ या शब्दांचा अर्थ जसा बोलणाऱ्याच्या स्थलकालावरून ठरतो, तसा मापकावरील अंकाचा अर्थ त्याच्या संदर्भबिंदूवरून ठरतो.

टर्बो-इंजिनाचा दाब दाखविणारे बूस्ट-मापक घ्या. समुद्रसपाटीवर हवेचा दाब दर चौरस इंचास सुमारे १४.७ पौंड असतो. साधे बूस्ट-मापक भोवतालच्या हवेचा दाबच शून्य मानते. निरपेक्ष मापक निर्वाताला शून्य मानते. म्हणून मुंबईत पहिल्यावर १० हा अंक दिसतो, तेव्हा दुसऱ्यावर २४.७ दिसतो. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे १२.५ पौंड भरतो. तेथे पहिल्या मापकावरील त्याच १० चा अर्थ २२.५ असा होतो. अंक तोच, इंजिनात शिरणारी हवा मात्र कमी.

योगायोगाने १४.७ हाच अंक मिश्रण-मापकावरही आढळतो. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. परंतु २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला हे प्रमाण सुमारे १३.५ लागते. मापकाचा संवेदक प्रत्यक्षात लॅम्डा, म्हणजे उपलब्ध व आवश्यक हवेचे गुणोत्तर, ओळखतो. पुष्कळ मापके त्यास १४.७ ने गुणून अंक दाखवितात. अशा मापकावर १४.७ दिसत असता खरे प्रमाण १३.५ असू शकते. हे न जाणता जो मिश्रण ‘सुधारतो’, तो चुकीच्या मिश्रणाने इंजिनाची हानी ओढवून घेतो. सबब लॅम्डा थेट दाखविणारे मापक श्रेयस्कर.

सायलेन्सरला अमेरिकन इंग्रजीत मफलर म्हणतात. मराठीने ब्रिटिश शब्द उचलला आणि ‘मफलर’ गळ्यातील वस्त्रापुरता राखला. दोन्ही नावे आवाजाविषयी बोलतात, वायूच्या वाटेविषयी नाही. सच्छिद्र नळीभोवती काचतंतू भरलेला सायलेन्सर वाट सरळ ठेवतो व मुख्यतः उच्च स्वर शोषतो. कप्प्यांचा सायलेन्सर ध्वनिलहरी परतवून खालचे स्वरही दाबतो, पण वायूला अधिक अडवितो. ‘इंजिनाला बॅक-प्रेशर हवेच’ असा एक समज आहे. वस्तुतः उपयुक्त असतो तो वायूचा वेग व त्याच्या स्पंदनांमुळे होणारे शोषण. फार रुंद नळीत हा लाभ मंद फेऱ्यांवर घटतो. टर्बोनंतरच्या वाटेत तर अडथळा जितका कमी तितका चांगला.

आवाजाचा अंकही सापेक्षच. दहा डेसिबलांची वाढ म्हणजे ध्वनिशक्ती दसपट. आणि कोणत्या अंतरावरून, किती फेऱ्यांवर मोजले हे न सांगितलेला डेसिबल निरर्थक होय. भारतात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० अन्वये सायलेन्सर सक्तीचा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमर्यादेच्या भंगास १०,००० रुपयांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो.

म्हणून खरेदीपूर्वी तीन प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते : शून्य कोठे मानले आहे, अंक मोजलेला आहे की गुणून काढलेला, आणि आवाज कोठून मोजला आहे.