निनादाविषयीचे काही गैरसमज

ॲरिझोनातील चँडलर येथे, इंटेलच्या कारखान्यांच्या आधाराने स्थिरावलेल्या एखाद्या मराठी कुटुंबात गणेशोत्सवापूर्वी घरीच अभंग ध्वनिमुद्रित करण्याची हौस कोणास झाली, तर तो माइक बहुधा कपड्यांनी भरलेल्या कपाटखोलीतच मांडतो. कारण फरशीच्या दिवाणखान्यात नुसती टाळी वाजवली तरी चारी भिंती झणझणून उत्तर देतात. कपड्यांच्या गर्दीत मुद्रित झालेला आवाज कोरडा ठणठणीत निघतो, आणि मग संगणकावर ‘रिव्हर्ब’, म्हणजे निनाद, चढवून त्यास गाभारा बहाल करण्याची तजवीज सुरू होते. गैरसमजांचा अंमल येथपासूनच आहे.

रिव्हर्ब म्हणजे प्रतिध्वनी, हा त्यांतला सर्वांत जुना. विजापूरच्या गोलघुमटात उच्चारलेला शब्द पुनःपुन्हा, वेगवेगळा ऐकू येतो, तो प्रतिध्वनी. मूळ ध्वनी आणि त्याची परतफेड यांत साधारण ०.१ सेकंदाचे अंतर असल्याखेरीज, म्हणजे भिंत सुमारे १७ मीटर दूर असल्याखेरीज, कान त्यांना वेगळे ओळखत नाही. निनाद मात्र अगणित परावर्तनांचा एकजीव झालेला प्रवाह आहे.

जितका निनाद अधिक तितके गाणे भव्य, या समजुतीने तर पुष्कळ अभंगांचे शब्द बुडवले आहेत. पखवाजाच्या धुमेचा आणि कंठाच्या खर्जाचा निनाद साचत गेला की त्याखाली अक्षरे गाडली जातात. म्हणून लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतील तंत्रज्ञ निनादकक्षाकडे जाणाऱ्या ध्वनीतून ६०० हर्ट्‌झच्या खालचा आणि १०,००० हर्ट्‌झच्या वरचा भाग फिल्टरने वगळीत. गायकाचा मूळ आवाज अबाधितच राही.

असे फिल्टर लावणे कृत्रिम, असा आक्षेप सोवळ्या रसिकांकडून येतो. परंतु निसर्ग हा स्वतःच मोठा फिल्टर आहे. हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहातील दोषाचा तपास १८९५ साली हाती घेणाऱ्या वॉलेस सॅबाइन यांनी गाद्या अंथरून निनादकाल घटतो हे मोजून दाखवले. आणि मोठ्या सभागृहात तर खुद्द हवाही उच्च कंप्रतांचे शोषण करते. हे शोषण कोरड्या हवेत, म्हणजे चँडलरच्या वाळवंटी हवेसारख्या हवेत, मुंबईच्या दमट हवेपेक्षा ४,००० हर्ट्‌झच्या आसपास कितीतरी अधिक असते.

खरा घोटाळा होतो तो फिल्टर कोठे बसवावा या प्रश्नात. तो रिव्हर्बच्या आधी लावावा की नंतर, यावर जाणकार म्हणवणारेही हिरिरीने भांडतात. वस्तुतः रिव्हर्ब जर न डळमळणारा आणि रेषीय असेल, आणि फिल्टरही स्थिर असेल, तर दोन्ही मार्गांचे फळ एकच. फरक पडतो तो फिल्टर निनादाच्या पुनरावर्तनाच्या वलयातच बसवला तेव्हा. सॉफ्टवेअरमध्ये ‘डॅम्पिंग’ नावाने असते ते हेच. बाहेरचा फिल्टर निनादाच्या प्रारंभापासून अखेरपर्यंत एकच कात्री चालवतो. आतला मात्र प्रत्येक फेरीत थोडी तीक्ष्णता हिरावून घेतो, त्यामुळे निनाद उजळ जन्मतो आणि मंदावत धूसर होत जातो, जसा तो दगडी देवळात होतो. निनादाचा रंग मुळात काळावर अवलंबून असतो. तो चिमटीने टाकण्याचे मीठ नव्हे, ही गोष्ट ज्याच्या ध्यानी आली त्याला पुढचे एन्व्हलप, म्हणजे आवाजाच्या पातळीचा काळानुसार होणारा चढउतार, सहज कळते.

एन्व्हलप केवळ ढोलांच्या विक्षिप्त आवाजांसाठी, हा समज पीटर गेब्रियल यांच्या १९८० च्या ध्वनिमुद्रिकेमुळे दृढ झाला असावा. तेथे फिल कॉलिन्स यांच्या ढोलांचा खोलीतला गुंजारव ह्यू पॅजम यांनी गेट, म्हणजे पातळी ठरावीक मर्यादेखाली जाताच आवाज बंद करणारे साधन, लावून मध्येच तोडला होता. परंतु एन्व्हलपचा सौम्य उपयोग अभंगाला अधिक मानवतो. गायकाच्या आवाजाकडूनच निनादाची पातळी दाबून घ्यावी, म्हणजे शब्द चालू असेपर्यंत तो मागे राहील आणि ओळीच्या अखेरीस विश्रांतीत वर येईल. याला ‘डकिंग’ म्हणतात. लय मिनिटाला ८० मात्रांची असेल तर एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची. निनाद वर येण्याचा काळ त्याच्या निम्म्याच्या आसपास ठेवून पाहावा, आणि पुढच्या ओळीचे पहिले अक्षर स्वच्छ ऐकू येईतो हा काळ कमी करीत जावा.