1,024 रेणूंचा दिवस

सकाळी 6.30
गुलमंडीतले घर. पूजा आटोपताच आईचा आवाज, "अगं, डबी लाव, कापूर उडेल!" कापूर उडतो हे तिला ठाऊक, तो डबीत बसल्या बसल्या गरगरतोही, हे मला पीएचडीने शिकवले. त्याचे गोलसर रेणू स्फटिकात जागा सोडत नाहीत, पण तोंड वाट्टेल तिकडे फिरवतात. पुरेसे गार केले की दिशाही ठरून जाते. हेच दिशात्मक अवस्थांतर.

9.45
मकाई गेटच्या कमानीत रिक्षा अडकली, उशीर झाला. रात्री संगणकावर लावलेला रन उघडते. माझा पदार्थ सल्फर हेक्झाफ्लोराइड: मधे गंधक, भोवती सहा फ्लोरीन. प्रयोगशाळेत त्याचे रेणू 94 केल्विनच्या, म्हणजे उणे 179 अंशांच्या आसपास शिस्तीत येतात. संगणकातले माझे 1,024 रेणू 80 केल्विनलाही बेशिस्तच. एक पाऊल दोन फेम्टोसेकंदांचे. रात्रभरात दहा लाख पावले, कमाई दोन नॅनोसेकंद.

12.30
डबा खाताना सर विचारतात, "रेणूंचा खोका कसा ठेवलायस?"
"घनाकृती, ताठ."
बोलता बोलताच चूक कळली. शिस्तीतली रचना तिरकी असते. काटकोनी खोक्यात ती घडणार कशी? खोक्यालाच आकार बदलू द्यायची युक्ती पारिनेल्लो आणि अनीसुर रहमान यांनी 1980 साली मांडली. रहमान हैदराबादेत जन्मले, 1927 साली; तेव्हा आपले शहरही निजामाच्याच राज्यात होते.

3.10
वीज गेली. उपकेंद्रांतल्या कित्येक ब्रेकरमध्ये ठिणगी विझवायला हाच सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू भरलेला असतो! चेकपॉइंट फाइल होती म्हणून फार काही बुडाले नाही.

5.30
सैल खोक्याने नवा रन. एडिंबरोत पॉली आणि थॉमस यांनी 1982 सालीच या वायूचे अवस्थांतर संगणकावर घडवले होते. माझे घडले तर नवल नाही, न घडले तर मात्र पंचाईत.

रात्री 9.15
घरून लॉगिन. खोक्याचा कोन 90 अंशांवरून ढळलाय, ऊर्जेच्या आलेखात स्वच्छ पायरी! फक्त ती 94 च्या बरीच खाली. गार करताना स्फटिक रेंगाळतो, तापवताना उलट बाजूला रेंगाळतो; खरा आकडा दोहोंच्या मधे कुठेतरी. म्हणजे आता खालून वर तापवत यायचे.

"वरण गार झालंय, तापवू का?" आई विचारते.

"उद्या," मी म्हणते.