घडी घातलेल्या पत्र्याची घरे

वहीचा एक कागद दोन पुस्तकांच्या मध्ये पुलासारखा ठेवा. तो स्वतःच्या वजनानेच वाकतो. आता त्याच कागदाला लांबीच्या दिशेने पंख्यासारख्या घड्या घालून पुन्हा ठेवा. चार-पाच नाणी तो सहज पेलतो. कागद तोच, मग ताकद आली कोठून? वाकण्याला होणारा विरोध पदार्थ किती आहे यापेक्षा तो किती उंचीत पसरला आहे यावर अधिक अवलंबून असतो. सपाट पट्टीची जाडी दुप्पट केली तर तिचा ताठपणा आठपट होतो. घडीमुळे उंची वाढते, आणि तीही जादा पदार्थ न लागता. (फूटपट्टी आडवी वाकते, उभ्या कडेवर धरली की वाकत नाही, हेही मुलांना करून पाहू द्या.)

फ्रान्समधील नान्सी शहराच्या ज्याँ प्रुव्हे (१९०१-१९८४) यांनी याच तत्त्वावर घरे बांधली. ते मूळचे लोहारकाम शिकलेले. वास्तुशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये घरांची भीषण टंचाई होती. मोटारी कारखान्यात होतात, तर घरे का नाहीत, असा त्यांचा सवाल होता. पातळ पोलादी पत्रा यंत्रावर दुमडून पोकळ खांब-तुळया करायच्या आणि त्यांच्यामध्ये भिंतींचे तयार तक्ते बसवायचे, अशी ही पद्धत. पॅरिसजवळ म्यूदाँ येथे सरकारसाठी अशी काही घरे उभी राहिली, पण मोठी मागणी आलीच नाही.

१९५३ मध्ये कारखाना प्रुव्हेंच्या हातून गेला. पुढच्याच वर्षी, बांधकामास निरुपयोगी ठरवलेल्या एका तीव्र उतारावर, कारखान्यातल्या उरल्यासुरल्या भागांतून त्यांनी स्वतःचे घर बांधले. मजूर म्हणजे घरची माणसे आणि मित्र! भाग हलके असल्यानेच हे जमले. घर उताराला समांतर, लांबच लांब आणि रुंदीला जेमतेम एका खोलीएवढे आहे. मागच्या भिंतीला कपाटांची सलग रांग आहे.

१९५४ च्या हिवाळ्यात बेघर माणसे थंडीने मरू लागली, तेव्हा आबे प्येर या धर्मगुरूंनी रेडिओवरून देशाला हाक दिली. त्यांच्यासाठी प्रुव्हेंनी १९५६ मध्ये एक स्वस्त घर केले. मधोमध पोलादी गाभा. त्यातच स्वयंपाकघर व न्हाणीघर, आणि छताचा भारही त्याच्यावर. पॅरिसला सेन नदीकाठी ते काही तासांत उभे राहिले. परंतु न्हाणीघर मध्यभागी, खिडकीविना, हे तेव्हाच्या नियमांत बसेना. मान्यता मिळाली नाही आणि मोजकीच घरे झाली. नियम आरोग्यासाठीच होता, हे खरे. पण ज्यांना छप्परच नव्हते त्यांच्या आरोग्याचे काय?

गरिबांसाठी आखलेल्या या घरांचे सुटे भाग आता लिलावात श्रीमंत संग्राहक विकत घेतात. म्यूदाँच्या घरांत मात्र अजून कुटुंबे राहतात.