उतरती सीट आणि तिची केबल



सायकलीची सीट किती उंच असावी, या साध्या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही खरी आहेत. चढावर किंवा सपाट रस्त्यावर पायडल मारावयाचे असेल तर सीट उंच हवी. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेले असता गुडघा जवळजवळ सरळ व्हावा, इतकी उंच. सीट याहून फार खाली असेल तर पाय पुरता लांबत नाही, गुडघ्यावर ताण येतो आणि माणूस लवकर थकतो. उलट, डोंगरातल्या खडकाळ वाटेने खाली यावयाचे असेल तर सीट खाली हवी. तीव्र उतारावर स्वाराला शरीराचा भार मागे व खाली न्यावा लागतो, हातपाय वाकवून धक्के झेलावे लागतात. अशा वेळी उंच सीट आडवी आली आणि पुढचे चाक एखाद्या दगडाला अडले, तर स्वार हॅन्डलवरून पुढे फेकला जातो.

डोंगरातल्या वाटेवर चढउतार घडोघडी बदलतात. प्रत्येक वेळी थांबून, पाना लावून सीट वरखाली करणाऱ्याने सायकल चालवावी केव्हा? या अडचणीवर जो तोडगा निघाला त्याला ड्रॉपर सीटपोस्ट म्हणतात. आपण त्याला उतरता दांडा म्हणू. हा दांडा चालतो कसा, तो बसवावयाचा कसा आणि त्याची केबल फ्रेमच्या पोटातून न्यावयाची कशी, हे आज सांगावयाचे आहे. त्या कामाला लागणारा वेळ कोणाच्या पदरी पडतो, हेही आम्ही शेवटी विचारणार आहोत. कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाला तो प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही.

प्रथम थोडा इतिहास. डोंगरी सायकलीचे मूळ अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात आहे. तेथे टॅमलपायस डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन मातीच्या रस्त्यांवरून खाली सुटत. १९७६ साली त्यांनी रीपॅक नावाची शर्यत सुरू केली. एका उतारातच मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस तापून जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून हे नाव. त्यांच्यापैकीच जो ब्रीझ यांनी जॉश एंजेल यांच्यासह १९८४ च्या सुमारास ‘हाइट-राइट’ नावाची एक स्प्रिंग बाजारात आणली. सीटची पकड सैल केली की स्वाराच्या वजनाने सीट खाली जाई, आणि अंग उचलले की स्प्रिंग तिला वर आणी. मात्र पकड सैल करण्यासाठी एक हात हॅन्डलवरून काढावा लागे, आणि उतारावर हात सोडणे म्हणजे संकटाला बोलावणेच. हॅन्डलवरूनच चालणारे दांडे पुढे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रचारात आले.

त्यांना जागा मिळाली ती आणखी एका बदलामुळे. पूर्वी डोंगरी सायकलीला पुढे दोन किंवा तीन दातेरी चक्रे असत आणि ती बदलण्याची कळ डाव्या अंगठ्यापाशी असे. २०१२ साली स्रॅम कंपनीने पुढे एकच चक्र असलेली एक्सएक्स-१ ही योजना आणली, इतरांनीही तोच मार्ग धरला आणि डावा अंगठा मोकळा झाला. आज उतरत्या दांड्याची कळ बहुधा तेथेच असते. डोंगराबाहेरही त्याचा उपयोग झाला आहे. मार्च २०२२ मध्ये मिलान ते सान रेमो या रस्त्यावरील प्रसिद्ध शर्यतीत स्लोव्हेनियाच्या माते मोहोरिच यांनी पोजिओ टेकडीचा वळणावळणाचा उतार सीट खाली घेऊन उतरला आणि शर्यत जिंकली.

आता यंत्राकडे वळू. कळ दाबली की सीट आपोआप खाली जाते, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. दांडा म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. आजच्या बहुतेक दांड्यांच्या पोटात एक बंद नळकांडे असते. त्यात दाबलेला वायू आणि तेल असून, तेलाच्या वाटेवर एक छोटी झडप असते. झडप बंद असेल तर तेलाला हलता येत नाही. तेल दाबून लहान होत नसल्यामुळे सीट आहे तेथे पक्की राहते. कळ दाबली की झडप उघडते, एवढेच. मग सीट खाली जाते ती स्वाराच्या वजनाने, आणि अंग उचलल्यावर वर येते ती वायूच्या दाबाने. कळ सोडली की मधल्या कोणत्याही उंचीवर सीट थांबते. तेव्हा अंगठ्याला जोर करावा लागत नाही, फक्त परवानगी द्यावी लागते.

ती परवानगी पोहोचविणारी वस्तू म्हणजे केबल. अर्नेस्ट मॉनिंग्टन बौडन यांच्या १८९६ सालच्या पेटंटावरून तिला बौडन केबल म्हणतात. रॅले सायकलवाले फ्रँक बौडन हे निराळे गृहस्थ. या केबलचे दोन भाग असतात. आतली पोलादी तार, जिला दुकानात इनर म्हणतात, आणि बाहेरचे कवच, म्हणजे आउटर. तार ओढते हे सर्वांना ठाऊक असते. परंतु तार जितक्या जोराने ओढली जाते तितक्याच जोराने आउटर दोन्ही टोकांना रेटा देत असते, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. आउटर दबली किंवा टोकाला नीट टेकली नाही, तर अंगठ्याची ओढ वाटेतच जिरते आणि झडपेपर्यंत पोहोचत नाही.

म्हणून आउटर कोणती घ्यावी याला महत्त्व आहे. ब्रेकची आउटर सपाट तारेच्या वेटोळ्याची असते. ती मजबूत खरी, पण ओढ बसली की थोडी दबते. गिअरच्या आउटरमध्ये बारीक तारा लांबीच्या दिशेने सरळ बसविलेल्या असतात, त्यामुळे तिची लांबी जवळजवळ बदलत नाही. दांड्याला ही गिअरची आउटर लावतात. मात्र हीच आउटर ब्रेकला कधीही लावू नये. जोराचा ब्रेक दाबताच तिच्या सरळ तारा फाकून आउटर फुटू शकते, आणि ते घडते ते नेमके ब्रेकची गरज असताना.

दांडा विकत घेण्यापूर्वी तीन मापे घ्यावीत. पहिले माप जाडीचे. सीटच्या नळीचा आतला व्यास बहुधा २७.२, ३०.९, ३१.६ किंवा ३४.९ मिलिमीटर असतो. बारीक दांडा मोठ्या नळीत योग्य बाही घालून बसविता येतो, जाड दांडा लहान नळीत बसत नाही. दुसरे माप उंचीचे. उदाहरणादाखल, क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत स्वाराला ७०० मिलिमीटर उंची लागते आणि फ्रेमची सीट-नळी ४३० मिलिमीटर आहे, असे समजू. उरले २७०. त्यातून सीटची स्वतःची उंची सुमारे ४५ वजा केली की २२५ राहतात. दांड्याच्या गळ्याला व डोक्याला मिळून ५० लागत असतील, तर १७० मिलिमीटर उतरणारा दांडा जेमतेम बसेल, १५० चा आरामात बसेल आणि २०० चा घेतल्यास स्वाराचे पाय पायडलला पुरणार नाहीत. तिसरे माप खोलीचे. गळ्याखालचा भाग नळीत किती खोल जाऊ शकतो, हे जुना दांडा काढून पाहावे. नळीला वाक असेल किंवा पाण्याच्या बाटलीचे स्क्रू आत आले असतील, तर दांडा तेथे अडतो. त्याचबरोबर दांड्यावर जी किमान खोलीची खूण कोरलेली असते, तिच्यापर्यंत तो आत गेलाच पाहिजे. नाहीतर फ्रेम तडकण्याचा धोका असतो.

आता केबल ओवण्याचे काम. हॅन्डलवरून निघालेली आउटर फ्रेमच्या पुढच्या छिद्रातून आत जाते, खालच्या तिरप्या नळीतून क्रँकपाशी येते आणि तेथून वळून सीटच्या नळीत वर चढते. फ्रेममध्ये आधीच एखादी केबल असेल तर ती उपसून काढू नये. तिच्या टोकाला नवी जोडून जुनी ओढावी, म्हणजे नवी आपोआप वाटेला लागते. आत काहीच नसेल तर एका टोकाला बारीक दोरा सोडावा आणि दुसऱ्या टोकाला धूळ ओढणारे यंत्र लावावे, दोरा वाऱ्याबरोबर बाहेर येतो. दुसरा उपाय लोहचुंबकाचा. तारेचे लोखंडी टोक आत घालून बाहेरून चुंबक फिरवीत न्यावे. ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हे साधते, पोलादी फ्रेमवर चुंबक फ्रेमलाच चिकटून बसतो. क्रँकपाशी वळण अवघड असते, तेथे घाई उपयोगी नाही. आउटर तेथल्या फिरत्या भागांना घासणार नाही याचीही खात्री करावी.

आउटर कापण्यापूर्वी हॅन्डल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. कोठेही ताण येता कामा नये. पुढे कधी दांडा वर उपसावा लागला तर उपयोगी पडेल एवढी ढीलही ठेवावी. काप सरळ असावा. आतली प्लॅस्टिकची नळी चेपली असेल तर सुईने मोकळी करावी आणि टोकावर टोपी बसवावी. त्यानंतर तार दांड्याच्या बुडाशी असलेल्या टोकात अडकवून दांडा नळीत हळूहळू सोडावा आणि त्याच वेळी पुढून आउटर ओढून घ्यावी. हे दोन माणसांचे काम आहे. एकट्याने केल्यास आउटर आत दुमडते आणि सारे पुन्हा करावे लागते.

तारेचा ताण शेवटी जुळवावा. ती सैल असेल तर झडप पुरती उघडत नाही आणि सीट रेंगाळत वर येते. फार ताणलेली असेल तर झडप पुरती मिटत नाही आणि सीट बसल्या बसल्या खचू लागते. कळेपाशी फिरविण्याची नळी असेल तर तिने हा फरक काढता येतो. सीटच्या पकडीचा बोल्टही बेताने आवळावा. बहुतेक ठिकाणी ५ न्यूटन-मीटरच्या आसपासचा जोर पुरतो, तरी निर्मात्याने दिलेला आकडा पाहावा. अधिक आवळल्यास बाहेरची नळी चेपून आतली अडकते, आणि लोक दांड्याला दोष देतात.

आता शेवटचा प्रश्न. आपल्याकडील जुन्या काळ्या सायकलीच्या ब्रेकच्या काड्या उघड्यावर असत. काय बिघडले ते कोणालाही दिसे आणि चौकातला कारागीर ते पाहता पाहता दुरुस्त करी. आजच्या सायकलीत केबल दिसू नये हा सौंदर्याचा नियम झाला आहे. काही सायकलींत तर सर्व केबली हॅन्डलखालच्या बेअरिंगमधूनच आत नेतात, त्यामुळे एक साधे बेअरिंग बदलावयाचे तर ब्रेकच्या तेलाच्या नळ्याही सोडवाव्या लागतात. धूळपाण्यापासून थोडे संरक्षण मिळते हे मान्य. आता बिनतारी उतरता दांडाही आला आहे. त्याला केबलच नाही, पण किंमत भारी आणि बॅटरी भरण्याची चिंता कायम.

आमचा आक्षेप सुधारणेला नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना जे स्वच्छ दिसते, त्याची किंमत कारागीर आपल्या वेळाने मोजतो, हे आम्हांला दाखवावयाचे आहे. उघडी केबल बदलण्यास काही मिनिटे पुरतात, पोटातली केबल बदलण्यात कधी अर्धा दिवस जातो. काम संपल्यावर सायकल पूर्वीसारखीच दिसते, म्हणून मजुरीचा आकडा ऐकताच गिऱ्हाइकाच्या कपाळाला आठी पडते. जे काम दिसत नाही ते झालेच नाही असे धरण्याची सवय मालकांना आहे, हे आम्ही गिरणीपासून गोदीपर्यंत पाहिले आहे. तीच सवय आपल्यालाही जडू नये. ज्या तारेच्या भरवशावर आपला मुलगा किंवा मुलगी सह्याद्रीच्या उतारावर सुटणार आहे, ती तार कोणी तरी अंधारात हाताने चाचपत ओवलेली असते. दुरुस्तीला सायकल देताना भाव पाडण्याआधी त्याला विचारावे, काम किती तासांचे आहे? आणि तो सांगेल तेवढ्या तासांचे दाम द्यावे.