पेटी वाचली, रेडिओ वाचेल काय?

मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात एके काळी भंगाराच्या भावाने जाणाऱ्या व्हॉल्व्हच्या रेडिओंना अलीकडे पुन्हा मागणी येऊ लागली आहे. मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल-एको ही नावे ज्यांनी बालपणी घरच्या रेडिओवर वाचली ते, आणि ज्यांनी ती कधीच वाचली नव्हती असे तरुणही, या पेट्या हौसेने घरी नेतात. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तथापि या हौसेचे दोन प्रवाह आहेत आणि त्यांत भेद करणे आता अगत्याचे झाले आहे. पहिल्या प्रवाहातील मंडळी पेटीला नवे पॉलिश देतात, आतील चासी, व्हॉल्व्ह, ट्रान्स्फॉर्मर उचकटून काढतात आणि त्या जागी मोबाइलवरील गाणी वाजवणारे ब्लूटूथचे यंत्र बसवतात. दुसऱ्या प्रवाहातील मंडळी संख्येने थोडी. घरातला एखादा कोपरा अडवून ती मल्टिमीटर घेऊन बसतात आणि तो रेडिओ आपल्या मूळच्या अवयवांनिशी एखादे केंद्र पकडीपर्यंत त्यांना चैन पडत नाही. मौज अशी, की व्यवहारात पहिल्या प्रकारालाच जीर्णोद्धार म्हटले जाते. देवळाचे शिखर रंगवावे आणि गाभाऱ्यात दुकान थाटावे, तशातला हा जीर्णोद्धार आहे.

या यंत्रांचा महाराष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनाशी किती निकटचा संबंध होता, हे नव्याने सांगण्याची गरज नाही. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, पुण्याचे २ ऑक्टोबर १९५३ रोजी. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे केंद्राने गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ प्रसारित केले. ती ५६ गीते घराघरांत पोचली ती व्हॉल्व्हच्या रेडिओतूनच. १९५६ साली पुणे केंद्र आणि युनेस्को यांनी १५० खेड्यांत शेतकऱ्यांच्या श्रवणमंडळांचा प्रयोग केला, तोही याच युगातला. खेड्यात वीज नसे, म्हणून अत्यल्प प्रवाहावर चालणारे व्हॉल्व्ह आणि ९० व्होल्टची कोरडी बॅटरी यांवर भागवावे लागे. रेडिओ बाळगायला टपालकचेरीतून परवाना घ्यावा लागे, हेही आजच्या पिढीला सांगितल्यावाचून कळायचे नाही. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लागला. पुढच्या दोन दशकांत त्याने या भारदस्त पेट्यांना दिवाणखान्यातून माळ्यावर पाठवले.

माळ्यावरून उतरवलेला रेडिओ सुरू करण्याची पहिली पायरी म्हणजे तो सुरू न करणे. हे वाक्य विनोदी वाटेल, परंतु असंख्य रेडिओंचा अंत मालकाने उत्साहाने खटका दाबल्याच्या क्षणीच झालेला आहे. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वर्षानुवर्षांच्या विश्रांतीने निकामी झालेले असतात. त्यांवर एकदम पूर्ण दाब आला, की ते फुटतात आणि जाताना रेक्टिफायर व्हॉल्व्हला किंवा ट्रान्स्फॉर्मरलाही सोबत नेतात. म्हणून जाणकार हौशी आधी चासी बाहेर काढतो, मऊ ब्रशाने धूळ झाडतो, रबराचे आवरण चुरा होऊन गेलेल्या वायरी बदलतो आणि मगच वीज देतो. तीही सरळ नव्हे, तर वाटेत साधा बल्ब सिरीजमध्ये जोडून. आत कोठे शॉर्ट असेल तर बल्ब लखलखतो आणि रेडिओ बचावतो.

त्याहून कपटी असतो तो मेणकागदाचा छोटा कंडेन्सर. आवाजाचे संकेत अंतिम व्हॉल्व्हपर्यंत पोचू द्यायचे आणि आधीच्या टप्प्यातील उच्च दाबाची वीज मात्र अडवायची, हे त्याचे काम. वयोमानाने त्यातून ही वीज झिरपू लागली, की अंतिम व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर प्रवाह ओढतो, तापतो, आणि अखेरीस आउटपुट ट्रान्स्फॉर्मर जाळून बसतो. चार पैशांच्या कंडेन्सरपायी असा अनर्थ! कार्बनचे रेझिस्टन्स त्या मानाने सभ्य. त्यांचे मूल्य हळूहळू वाढत जाते, आवाज क्षीण होतो, इतकेच.

यानंतर ज्याला सोडवत नाही असा मोह म्हणजे कॉइलींचे स्क्रू फिरवण्याचा. या रेडिओंचे मर्म असे, की कोणतेही केंद्र लावले तरी त्याच्या लहरींचे आत एकाच ठरावीक कंपनसंख्येत, बहुतेक ४५५ किलोहर्ट्झमध्ये, रूपांतर होते. पुणे केंद्रासाठी काटा ७९२ वर आणला, म्हणजे रेडिओ स्वतः १२४७ किलोहर्ट्झची लहर निर्माण करतो, आणि या दोहोंची वजाबाकी पुढे जाते. ही वजाबाकी अचूक ग्रहण करणाऱ्या कॉइली कारखान्यात उपकरणे लावून जुळवलेल्या असतात. नवशिक्या आधी त्यांनाच हात घालतो. दोष अन्यत्रच असतो आणि आता त्यात या नव्या दोषाची भर पडते. खरा कारागीर त्यांना सर्वांत शेवटी, तेही आवश्यक असेल तरच, स्पर्श करतो.

एका गोष्टीबाबत मात्र हौशी मंडळींचा निष्काळजीपणा क्षम्य नाही. एसी आणि डीसी अशा दोन्ही विजेवर चालणाऱ्या स्वस्त रेडिओंत ट्रान्स्फॉर्मर नसे. त्यांचे सगळे व्हॉल्व्ह दिवाळीच्या दिव्यांच्या माळेप्रमाणे एकापुढे एक जोडलेले असत, आणि चासीचा संबंध थेट घरातल्या विजेशी येई. प्लग उलटा बसला तर संपूर्ण चासीत २३० व्होल्ट खेळतात. बटणाच्या आतला बारीक स्क्रूही धक्का देऊ शकतो. म्हणूनच त्यावर मेण भरण्याची पद्धत होती. असा रेडिओ आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मरशिवाय दुरुस्तीस घेणे हा शुद्ध अविचार होय.

नव्या कंडेन्सरांबद्दल या मंडळींत सौम्य वाद आहे. काही जण जुन्या कंडेन्सरचे पोट रिकामे करून नवा त्याच्या आत दडवतात, म्हणजे देखावा मूळचा राहतो. काहींना ही लबाडी वाटते. वास्तविक दोन्ही रीती चालतील; अट एवढीच, की काय बदलले आणि केव्हा बदलले याची चिठ्ठी पेटीच्या आत चिकटवलेली असावी. लाकडावरील लाखेचे पॉलिश खरवडून त्यावर चकचकीत वॉर्निश फासणे मात्र कोणत्याच न्यायाने चालू नये.

व्हॉल्व्ह हा तसा वाटतो तेवढा दुर्मिळ प्रकार नाही. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून ते देशातच बनवले आणि त्यांतील न वापरलेले व्हॉल्व्ह आजही अधूनमधून हाती लागतात. दुर्मिळ होत चालला आहे तो दुरुस्ती करणारा. ठाण्यातील मर्फीच्या कारखान्यात अथवा लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा तापकीर गल्लीतल्या दुकानांत ज्यांनी ही यंत्रे हाताळली, ती पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहे. नुसत्या गुरगुरीवरून कोणता कंडेन्सर गेला हे सांगणारा कान पुस्तकातून तयार होत नाही. व्हॉल्व्ह काढून घेऊन पोकळ पेटी विकणारा प्रत्येक व्यापारी या विद्येचे एकेक पाठ्यपुस्तक फाडत असतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचे वर्ग चालत आलेले आहेत. अशा संस्थांनी या वृद्ध कारागिरांना सन्मानाने बोलवावे, त्यांच्यासमोर नादुरुस्त रेडिओ ठेवावेत आणि त्यांचे काम चित्रित करावे, यासाठी फार मोठा निधी लागणार नाही. वस्तुसंग्रहालयांनीही रेडिओ केवळ काचेच्या कपाटात मांडून समाधान मानू नये.

परंतु या सर्वांहून मोठी अडचण दुरुस्त झालेल्या रेडिओपुढे उभी आहे. त्याने ऐकायचे काय? आपल्याकडील या रेडिओंना मध्यम आणि लघु लहरीच कळतात. एफएम त्यांच्या आवाक्याबाहेर आहे आणि डीआरएम या अंकीय पद्धतीचे प्रसारण त्यांना नुसते खरखरीसारखे ऐकू येते. १९८८ साली सुरू झालेली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी, जिच्यासाठी नागपूरला १००० किलोवॅटचे प्रक्षेपक होते, २०१९ च्या आरंभी बंद झाली. बीबीसीच्या हिंदी सेवेचे लघुलहरींवरील प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबले. जे उरले आहे त्यावर एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांच्या उपद्रवाची गुणगुण चढते. हौशी माणूस आधी घरातले दिवे मालवतो आणि मग काटा फिरवतो, हे दृश्य करमणुकीचे खरे, पण त्यातली हतबलता लपत नाही. पुष्कळ रेडिओंना मागच्या बाजूस ग्रामोफोन जोडण्याची सोय असते, तिचा उपयोग करून जुने ध्वनिमुद्रण ऐकता येते. तो मार्ग कायदेशीर आणि सोपा आहे. त्यात फक्त केंद्र शोधण्याचा आनंद नाही.

मध्यम लहरींचे प्रक्षेपक वीज खातात, जागा अडवतात आणि त्यांचे श्रोते घटले आहेत, हा प्रशासनाचा युक्तिवाद निराधार म्हणता येणार नाही. पण आपत्तीच्या वेळी, मोबाइलचे मनोरे कोसळल्यावर, शेकडो किलोमीटरवरून साध्यात साध्या यंत्राला ऐकू येणारा आवाज हाच असतो, हेही त्या हिशेबात धरले पाहिजे. निदान प्रत्येक विभागात एक तरी मध्यमलहरी प्रक्षेपक चालू राहावा, एवढी मागणी अवास्तव नाही. २३ जुलै २०२७ रोजी मुंबईच्या प्रसारणाला शंभर वर्षे पुरी होतील. समारंभ होतील, भाषणे होतील, जुने रेडिओ फुले वाहून मंचावर मांडले जातील. त्यांतला एखादा कोणी हौशी माणसाने वर्षभर खपून जिवंत केलेला असेल, तर त्या दिवशी त्याच्या डायलवर मुंबई केंद्र लागते की नाही, हे आकाशवाणीने आजच ठरवायचे आहे.