'इंडस्ट्री' : एका इंग्रजी नामाचे अर्थ आणि वापर

चंदीगडमध्ये 'इंडस्ट्रियल एरिया' या नावाचा भाग आहे. त्याचे फेज १ आणि फेज २ असे तुकडे केलेले आहेत. नाव वाचून तुमच्या डोळ्यांसमोर कारखाने येतील, आणि ते तिथे आहेतही. पण २००५ मध्ये प्रशासनाने तिथल्या औद्योगिक भूखंडांवर व्यापारी वापराला परवानगी देणारी योजना आणली आणि २०१३ मध्ये फेज १ मध्येच 'एलांते' हा मोठा मॉल सुरू झाला. मग कपड्यांच्या दुकानाला 'इंडस्ट्री' म्हणायचे का?

मूळ लॅटिन शब्द 'इंडस्ट्रिया', म्हणजे कष्टाळूपणा. इंग्रजीतही हा अर्थ जुना आहे. या अर्थाने तो माणसाचा गुण असल्यामुळे त्याचे अनेकवचन होत नाही. माल तयार करणारा व्यवसाय हा अर्थ घेतला, की 'इंडस्ट्रीज' म्हणता येते. विशेषणेही दोन झाली : माणूस 'इंडस्ट्रियस', वसाहत 'इंडस्ट्रियल'. मेहनती विद्यार्थ्याला 'इंडस्ट्रियल' लिहू नका.

आपल्या 'उद्योग' शब्दाचेही असेच आहे. 'उद्योगी मुलगी' आणि 'साखर उद्योग' यांत तेच दोन अर्थ दिसतात. मात्र "नसते उद्योग करू नकोस" यातला उद्योग इंग्रजीत नेता येत नाही. तिथे 'इंडस्ट्री' लिहिलेत तर हसे होईल. उलट, मुंबईत कोणी "मी इंडस्ट्रीत आहे" म्हणाले, तर ते सिनेमात काम करतात असे समजावे. कारखान्यातला कामगार बहुधा "एमआयडीसीत आहे" असे सांगतो. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महामंडळाचे हे नाव आता जागेचेच नाव झाले आहे.

कायद्यात मात्र या शब्दावर माणसाची नोकरी ठरते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील वॉर्ड-सेवकांना कामावरून कमी केले गेले. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ प्रमाणे कपातीच्या वेळी भरपाई द्यावी लागत असे, पण ती 'इंडस्ट्री'तल्या कामगाराला. सरकारचे म्हणणे, रुग्णालय इंडस्ट्री नव्हे. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. गजेंद्रगडकर यांनी ते इंडस्ट्रीच आहे असा निकाल दिला. १९७० मध्ये सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात न्यायालयाने उलट मत दिले. १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने ते मत रद्द केले. मालक आणि कामगार यांच्या सहकार्याने, पद्धतशीरपणे लोकांच्या गरजेच्या वस्तू किंवा सेवा पुरवल्या जात असतील तर ती इंडस्ट्री. नफ्याचा हेतू नसला तरी चालेल, अशी ही कसोटी. या कसोटीवर मॉलमधले कपड्यांचे दुकानही इंडस्ट्रीत बसते.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० मधील व्याख्येत काही अपवाद आहेत. घरकाम त्यांपैकी एक. सकाळपासून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशी शब्दाच्या जुन्या अर्थाने 'इंडस्ट्रियस' आहेत. त्यांचे काम मात्र या व्याख्येत 'इंडस्ट्री' नाही.